ढवळ्याचे होज कापणारा बिसराम

कोहमाऱ्याच्या चौकात, ढाब्यांच्या रांगेला लागून, बिसरामचं गॅरेज आहे. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मी व्हीलपान्याने मोडली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. गोरेगाव तालुक्यात माझी शेती आहे, धानाचा व्यापार आहे आणि अंगात राग आहे. शेती वडिलोपार्जित आहे. राग नाही. माझ्या बाबांनी, केवळरामजींनी, चौऱ्याहत्तर वर्षांत माणसावर काय, बैलावरही हात उचलला नाही. राग मी स्वतः कमावला.

बिसराम मात्र माझ्या जातकुळीचा. अठ्ठावन्न वर्षांचा, अंगाने वाळलेला, आणि तोंड असं की ट्रकवाले क्लीनरला त्याच्याकडे पाठवतात, स्वतः जात नाहीत. तुम्ही सायलेन्सर बदलायला जा, नाहीतर नुसती हवा भरायला जा, बिसराम आधी गाडीखाली घुसणार आणि ब्रेकचे होज पाहणार. चाकाजवळ, जिथे लोखंडी नळी संपते आणि चाकाला वळायला मोकळीक हवी असते, तिथे हातभर रबरी नळी असते, तोच हा होज. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवायला लावायचा, होज अंगठ्याने वाकवायचा, टोकाच्या पत्र्याजवळ नख फिरवायचं. मग होजभोवती मूठ आवळून वर ओरडायचा, "दाब पायडल." दाबल्यावर होज मुठीत फुगला की तुमचं काही खरं नाही.

एकदा शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर फुटक्या होजवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आला. बिसरामने त्याला कॉलर धरून सीटवरून खाली ओढला, पोरांसमोर चार थोबाडीत दिल्या आणि सगळ्या पोरांना खाली उतरवून ढाब्याच्या खाटांवर बसवलं. संध्याकाळी ड्रायव्हर तीन माणसं घेऊन आला आणि त्यांनी बिसरामचं कपाळ फोडलं. सात टाके पडले. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या डोक्याने तो पुन्हा गाडीखाली आडवा झाला होता.

हे त्याचं खूळ कशामुळे, ते चौकात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तो स्वतःच सांगतो. सत्तावीस वर्षांपूर्वी त्याचा मोठा भाऊ खुशाल याच रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा. बिसरामने तिच्या चाकाचं काम केलं. काम करताना ऑइल गळू नये म्हणून त्याने होज पकडीने आवळून ठेवला. तेव्हा सगळेच आवळायचे. वरून काही दिसलं नाही, आतून रबर चेंदलं होतं. तिसऱ्या दिवशी देवरीच्या अलीकडच्या घाटात होज फुटला आणि गाडी सळयांनी भरलेल्या ट्रकमध्ये मागून घुसली. सळया काचेतून आत आल्या. खुशालला बाहेर काढायला आधी त्या कापाव्या लागल्या, आणि कापायला लोकांनी बिसरामलाच बोलावलं होतं. "माया भावाले मीनं मारलं, पकडीनं," असं तो गाव विचारल्यावर गावाचं नाव सांगावं तसं सांगतो.

आता आमच्या गाडीबद्दल. ट्रॅक्टर आला तेव्हा आमच्या गोठ्यातली शेवटची जोडी विकली गेली. पोळा मात्र बाबांच्या अंगातून गेला नाही. दोन हजार नऊ साली मी सात सीटची पांढरी एसयूव्ही घेतली, बाबांनी तिचं नाव ढवळ्या ठेवलं, आणि त्या वर्षीपासून पोळ्याला तिची पूजा सुरू झाली. बैलाला करायचं ते सगळं तिला. आधी खालून डिझेलने धुणं. मग वाटीत टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, आणि कापडाच्या बोळ्याने ते रबराच्या एकेका भागाला चोळणं. बैलांच्या शिंगांना आणि खुरांना ते असंच चोळायचे. गुडघे दुखायला लागले तरी पाठीवर झोपून गाडीखाली सरकायचे आणि तासभर बाहेर यायचे नाहीत. नुसत्या पोळ्यालाच नाही, दिवाळीला आणि होळीलाही, आणि लांब जायचं असलं की आदल्या दिवशीही. मला त्याचं कौतुक वाटायचं. पंधरा वर्षांची गाडी, पण खालचं रबर बघावं तर काळंभोर आणि मऊ.

गेल्या माघात डिंपलच्या मुलाचं बारसं होतं. डिंपल माझी धाकटी बहीण, देवरीपलीकडे छत्तीसगडात दिलेली. दुपारी बाराला पाळण्यात घालायचं होतं आणि पाळणा आमच्याकडून जायचा होता. तो टपावर बांधला. गाडीत बाबा, माझी माय मनकर्णाबाई, बायको नीतू, माझ्या दोन मुली आणि मी. ब्रेक मारला की गाडी महिनाभर डावीकडे खेचत होती. त्या दिवशी कोहमारा यायच्या आत डाव्या चाकातून जळका वास यायला लागला आणि मायने नाकाला पदर लावला. मी बिसरामच्या दारात गाडी थांबवली. दहा मिनिटांत काहीतरी करून घेऊ, एवढाच माझा विचार होता.

"कवापासून खेचून राहिली?" बिसरामने विचारलं.

"आजच."

"एक महीना हो गया," नीतू म्हणाली. ती गोंदियाची आहे, खरं बोलायचं असलं की हिंदीत बोलते.

बिसरामने मला एक शिवी दिली आणि जॅक लावला. चाक काढलं, होज वाकवला, नख फिरवलं. मग बोटं नाकाशी नेऊन हुंगली आणि वर पाहिलं. बाबा चाकाजवळच उभे होते, हातात नातवासाठी घेतलेल्या टोपऱ्याची पिशवी धरून. बिसराम थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला, मग दुसऱ्या बाजूचं चाक काढायला गेला. मला पायडल दाबायला लावलं. उठला तेव्हा हात पुसत एवढंच म्हणाला, "गाडी येथंच राहू दे. बसनं जा."

"काऊन? झालं काय?"

"होज गेले. समोरचे दोनी अना मांगचा एक."

"मग टाक नवे."

"साकोलीवरून आनाव लागते. तीन घंटे."

मी घड्याळ पाहिलं. सव्वानऊ झाले होते. मी म्हणालो, ब्रेकमधली एअर काढून दे, ऑइल भर, परत येताना तिन्ही बदलू. तो नाही म्हणाला. मी खाली वाकून होज बघितला. एक भेग नाही. दाबून बघितला, मऊ.

"याले काय झालं? नव्यावानी तं आहे."

"मी सांगून राहिलो ना, नाही जात गाडी."

"पण कायले?"

"कायले ते नाही सांगत."

इथे माझं डोकं फिरलं. जो माणूस प्रत्येकाला आईबहिणीवरून शिव्या घालत कारणं सांगतो, तो मलाच कारण सांगत नाही, याचा अर्थ कारणच नाही, असं मी धरून चाललो. बारशाची गर्दी, टपावर पाळणा, घाईत अडकलेलं गिऱ्हाईक, बरोबर सापडलं याला. मी मोठ्याने, ढाब्यावर ऐकू जाईल असं म्हणालो, "मेलेल्या भावाच्या नावावर होज विकतोस तू."

ढाब्यावरची माणसं जेवता जेवता थांबली. ट्यूब कापायचा बाकदार चाकू बिसरामने फळीवरून उचलला, उजव्या चाकाजवळ बसला आणि होजचा तुकडा कापून खाली टाकला. मग डावीकडे येऊन तोही तसाच कापला. ब्रेक ऑइल धारेने मातीत सांडलं. चाकू फळीवर नीट ठेवून तो म्हणाला, "आता जा कुठं जाता तं."

मी खालचा व्हीलपाना उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. तो गुडघ्यावर पडला, पण गप्प मार खाणाऱ्यातला तो नाही. उठून त्याने डोक्याने माझ्या पोटात धडक दिली आणि मनगटाचा असा चावा घेतला की दातांचे वण अजून आहेत. मी त्याचे केस धरून त्याचं तोंड गाडीच्या दारावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. पांढऱ्या दारावर ते रक्त बघून मी थांबायला हवं होतं. मला उलट चेव आला. मी पाना पुन्हा उगारला, त्याने डोकं वाचवायला उजवा हात वर नेला, तोल जाऊन तोच हात चाकाच्या उघड्या लोखंडी थाळीवर टेकला, आणि पाना बोटांवर बसला. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. तो ओरडला. तरीही मी त्याच्या बरगडीत दोन लाथा घातल्या. माझी धाकटी मुलगी मागच्या सीटवर किंचाळत होती, ते मला ऐकू येत होतं आणि मी थांबलो नाही.

थांबवलं दुसऱ्यांनी. एका ट्रक ड्रायव्हरने माझ्या कानाखाली ठोसा मारला, दोघांनी हात मागे पिरगळले. बिसरामची बायको धुरपताबाई गॅरेजला लागूनच चहाचं दुकान चालवते. ती उकळत्या चहाचं भगोनं तसंच उचलून आली आणि माझ्या पायांवर ओतलं. मग रिकामं भगोनं माझ्या डोक्यात हाणलं. मला कुणी वाचवलं नाही, आणि वाचवायचं कारणही नव्हतं.

आम्ही चौकातून भाड्याची जीप केली. पाळणा इकडून तिकडे चढवला. बारसं झालं. बाळाचं नाव ठेवलं, बायकांनी पाळणा म्हटला आणि मी भाजलेल्या पायांवर ओलं फडकं टाकून ओसरीत बसलो. मायने मला पाणीही विचारलं नाही. बाबा जेवले नाहीत, पित्त झालंय म्हणाले. घरची मंडळी डिंपलकडेच मुक्कामाला राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा बसने कोहमाऱ्याला आलो. गाडी ओढून दुसऱ्याकडे न्यायची आणि जाता जाता चार लोकांना तो चांगला होज कापून दाखवायचा, असं ठरवूनच आलो होतो.

ढवळ्या तसाच उभा होता, पुढची दोन्ही चाकं काढलेली, जॅकवर. गॅरेजात कुणी नव्हतं. मातीत होजचा एक तुकडा पडला होता. मी फळीवरचा चाकू घेतला आणि तो उभा चिरला.

आत भोक जवळजवळ नव्हतंच. रबर फुगून चिखलासारखं झालं होतं, नख लावलं तर नखाला आलं. मधली नळी इतकी आवळली होती की सुई जाईना. वरच्या चकचकीत थराखाली दोऱ्याचं विणकाम कुजून सुटलं होतं. आणि वास आला. तो वास मी झोपेतही ओळखेन, आमच्या घरी पोळ्याचा वास तोच. टोरीचं तेल. पंधरा वर्षं बाबांनी मायेने चोळलेलं तेल त्या रबराने पिऊन घेतलं होतं. वरून ते नवं दिसत राहिलं आणि आतून सडत गेलं. या होजवर मी घरच्या पाच जणांना घेऊन घाट चढणार होतो. मी तिथेच ऑइलच्या डागात बसलो.

"पाह्यलंस ना?" मागून आवाज आला. बिसराम होता. नाक सुजून दुप्पट झालेलं, एक डोळा बंद, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. "साकोलीच्या दवाखान्यातून रात्रीच आलो. तुयं नाव पोलिसात देल्लं मीनं. ते येतीन तवा येतीन."

"तेल आहे हे तुमाले कालच समजलं होतं?" काल अरेतुरे केलेल्या माणसाला मी एका रात्रीत अहोजाहोवर आलो होतो.

"हुंगल्याबरोबर."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुया बाप उभा होता ना तिथं." तो स्टुलावर टेकला. "त्याच्या हाताले तेच तेल वास मारत होतं. पोरगा, सून, नातनी, सगळे समोर. त्याले तोंडावर सांगाचं का, का तुया हातानं तू यायले माराले निंगाला होता म्हनून? माया तोंडावर सांगतलं होतं लोकायनं. खुशालच्या मढ्याजवर. सत्तावीस वर्सं झाली, तो आवाज जात नाही कानातून." मग त्याने चांगल्या हाताने माझ्या पाठीत सणसणीत चापट मारली. "मले वाटलं होज कापले का विषय सरला. हे सांड अंगावर येईन हे कोनाले माहीत."

मी त्याचे पाय धरायला वाकलो तर त्याने पाय आखडून घेतला आणि म्हणाला, "पाया पडाचे धंदे नको करू. होज आले आहेत साकोलीवरून. माया हात तं तू तोडला. घुस खाली."

मी आयुष्यात पाना मारायला उचलला होता, फिरवायला नाही. त्या दिवशी चार तास मी गाडीखाली पाठीवर होतो आणि बिसराम स्टुलावर बसून मला लाथांनी शिकवत होता. गंजलेला नट जोर करून फिरवला, तर लाथ. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा जबडा, होजवर लोंबकळू दिला, तर लाथ आणि शिवी, "तारेनं बांध त्याले." तांब्याचे जुने वायसर परत घालायला गेलो तेव्हा त्याने होजचा कापलेला तुकडा माझ्या तोंडावर फेकून मारला. नवा होज बसवला, तर त्यावरची पांढरी रेघ वाकडी गेलेली त्याला लांबून दिसली. रेघ वाकडी म्हणजे होजला पीळ पडला. पुन्हा खोल, पुन्हा लाव. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून होज कुठे घासत नाही ना, ते माझ्याकडूनच तीनदा बघवलं. माझ्या बोटांची सालं निघाली. भाजलेल्या पायांवरचे फोड फुटले. मला बरं वाटत होतं, हे खरं सांगतो.

तिन्ही होज बसले. आता नळ्यांमधली हवा काढायची, त्याला वर बसून पायडल मारणारं माणूस लागतं. धुरपताबाईला विचारलं तर ती म्हणाली, तिच्या पायाखाली माझी मान असेल तरच दाबेल. एवढ्यात देवरीकडून आलेल्या बसमधून बाबा उतरले. एकटेच. मला शोधत आले होते. बिसरामचं तोंड बघून ते जागीच उभे राहिले. मी गाडीखालून त्यांना नीट बघू शकत नव्हतो, मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

"बरे आले बाबूजी," बिसराम म्हणाला. "वर बसा. मी सांगीन तसं पायडल मारा."

बाबा चढून बसले. बसल्यावर त्यांनी विचारलं, "होजाले काय झालं होतं, बिसराम?"

मी गाडीखाली खरं सांगायला तोंड उघडलं. बिसरामची टाच माझ्या पोटरीवर बरोबर फोडावर आली.

"उंदरानं खाल्लं जी," तो म्हणाला. "तेलाच्या वासानं उंदीर येते. आता रबराले तेल नका लावत जाऊ."

उभ्या जन्मात ज्याने कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही, तो माणूस सुजलेल्या तोंडाने माझ्या बापाशी खोटं बोलत होता. मला रडू आलं.

"उंदीर नाही, बिसराम," बाबा म्हणाले. "तू कापला तवा एक तुकडा माया पायाजवर पडला होता. मीनं उचलला. दाबला तं तेल आलं बोटाले. मले तवाच समजलं."

बिसरामने माझ्या पोटरीवरची टाच उचलली.

"हा तुले मारून राहिला होता तवा तो तुकडा माया मुठीत होता," बाबा म्हणाले. "एक शबद बोललो असतो तं तुया हात वाचला असता."

मी गाडीखालून विचारलं, "मंग बोलले काऊन नाही, बाबा?"

"तुले भेलो."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. "पाना तुया हातात होता, वीरेंद्र. मले वाटलं, मी बोललो तं तो मायावर येईन."

रस्त्यावरून ट्रक जात होते. धुरपताबाईचा स्टोव्ह चालू होता. बाबा माझ्या उत्तराची वाट बघत होते, हे मला खालून कळत होतं. असं कसं बोलता बाबा, तुमच्यावर कसा येईल, एवढंच म्हणायचं होतं. मी कालचा मी आठवून बघितला, दारावरचं रक्त दिसल्यावर आलेला चेव आठवला, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

"दाबा, बाबूजी," बिसराम म्हणाला.

बाबांनी पायडल दाबलं. मी नट सैल केला, बुडबुडे आले, मी नट आवळला. "पुन्हा," बिसराम म्हणाला, आणि बाबांनी पुन्हा दाबलं.